तलासरीला जाताना सुटे पैसे घ्या!

मुलांनो, सुट्टीत लांब कुठे जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा कशाची होते? कपड्यांची? मुळीच नाही. ती होते पैशांची! अंदमानला जायचं असेल तर बाबा विचारतात, "तिथे एटीएम असेल ना?" मॉरिशसच्या बेटावर जायचं असेल तर आई म्हणते, "तिथलाही रुपयाच म्हणे, पण आपला चालत नाही. बदलून घ्यावा लागेल." मग कार्ड किती, रोख किती, कुठल्या खिशात किती, असा खल रात्री अकरापर्यंत चालतो.

आज आपण अशाच एका प्रवासाला जाणार आहोत. समुद्र ओलांडायचा नाही, पासपोर्ट लागणार नाही. जायचं आहे ते आपल्याच पालघर जिल्ह्यात, जिल्ह्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, तलासरीला. पण पैशांची गंमत म्हणाल तर कुठल्याही बेटापेक्षा इथे जास्त! याच भागात माणूस दिवसभर पायी चालला तर त्याला दोन राजांची नाणी दिसायची. आणि याच भागात बारा आणे रोख हातात पडावेत म्हणून हजारो माणसांना लढावं लागलं. ते सगळं सांगतो. आधी तिथे पोहोचू या.

तलासरी गावाला रेल्वे नाही, बरं का! पश्चिम रेल्वेचा रूळ समुद्राच्या कडेकडेने डहाणू रोड, घोलवड, बोर्डी करत गुजरातेत जातो. तलासरी आहे आत, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर. तेव्हा एक तर विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकलने जायचं (ही लोकल २०१३ साली सुरू झाली) आणि पुढे एसटी धरायची, नाहीतर सरळ महामार्गाने गाडीने यायचं. गाडीने आलात तर वाटेत टोलनाके लागतात. तिथे काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगमधून पैसे आपोआप कापले जातात. फेब्रुवारी २०२१ पासून तो सगळ्या गाड्यांना सक्तीचा आहे. पूर्वी टोलनाक्यावर बाबा खिसे चाचपायचे आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे. ती करमणूक आता संपली!

पण माझं ऐकाल तर एसटीनेच या. एसटीत पैशांचा पहिला धडा मिळतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं. म्हणजे तुमचं अर्धं, ताईचं अर्धं, आईचं अर्धं, आणि बाबा एकटे पूर्ण! आता खरी गंमत पुढे आहे. हीच एसटी तलासरी ओलांडून गुजरातेत जाणारी असेल, तर महिलांची ती सवलत अच्छाडच्या पुढे लागू होत नाही. अच्छाड म्हणजे महामार्गावरचं महाराष्ट्राचं शेवटचं गाव. तिथपर्यंत आईचं तिकीट अर्ध्या दराने आणि तिथून पुढे पूर्ण दराने. रस्ता तोच, बस तीच, खिडकीची सीटसुद्धा तीच. पण हद्द आली की हिशोब बदलला. ही हद्द लक्षात ठेवा. आपल्या आजच्या गोष्टीत ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

कंडक्टरकाकांकडे आता मोबाइलवरूनही पैसे देता येतात. तरी दहा-वीसच्या नोटा हाताशी असू द्या. घाटात, जंगलात, पावसात मोबाइलची रेंज गेली की यंत्र नुसतं गोल गोल फिरत बसतं आणि मागे अख्खी बस तुमच्याकडे बघत असते.

आता आलो तलासरीच्या बाजारात. तलासरी-डहाणूच्या गावागावांतून वेगवेगळ्या वारी आठवड्याचा बाजार भरतो. आसपासच्या पाड्यांतून माणसं येतात. पाडा म्हणजे पाच-पंचवीस घरांची वस्ती. वारली, कोकणा, डुबळा, धोडी, कातकरी, असे कितीतरी समाज इथे राहतात. दुकानदार गुजरातीत बोलतो, भाजीवाली वारलीत, तुम्ही मराठीत. आणि तिघांनाही एकमेकांचं कळतं. तुम्ही म्हणता "सुटे", दुकानदार म्हणतो "छुट्टा". दोघांकडेही नसतात, ही गोष्ट वेगळी!

इथे बाजाराचं एक खास माप आहे, 'वाटा'. गोणपाटावर किंवा पळसाच्या पानावर भाजीचे, सुकटीचे, करवंदांचे छोटे छोटे ढीग मांडलेले असतात. तराजू नाही, वजन नाही. एक ढीग म्हणजे एक वाटा, आणि वाट्याचा भाव ठरलेला, दहा किंवा वीस रुपये. आता तुम्हीच सांगा, तिथे पाचशेची नोट काढली तर काय होईल? ती बाई नोटेकडे बघेल, मग शेजारणीकडे बघेल, मग शेजारीण तिच्या शेजारणीकडे बघेल. पाचशेची मोड करायला अर्धा बाजार हलेल. दिवसभरात तिची सगळी मिळून विक्री तेवढी होईल की नाही, कुणास ठाऊक! म्हणून शीर्षकातच सांगून टाकलं आहे. निघताना आपल्या गावातच दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा करून घ्या. पालकांनो, हे काम मुलांना द्या. बँकेत जाऊन "सुटे द्या" म्हणायलाही थोडं धैर्य लागतं.

दहा रुपयांचं नाणं देताना मात्र कधी कधी समोरचा मान हलवतो. "हे चालत नाही." का हो चालत नाही? तर म्हणे याच्यावर रुपयाची खूण नाही, त्याच्यावर रेघा दहा आहेत आणि ह्याच्यावर पंधरा, म्हणजे खोटं असणार. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये खुलासा केला, की तोवर दहाच्या नाण्याच्या चौदा वेगवेगळ्या नक्षी निघाल्या होत्या आणि सगळ्या खऱ्या आहेत. पण अफवा बँकेपेक्षा वेगाने पळते. अशा वेळी वाद घालू नका, दहाची नोट द्या. कारण सरकारने सांगितलं म्हणून नाणं 'खरं' असतं हे बरोबर, पण ते उद्या आपल्याकडून पुढचा कुणी घेईल असा विश्वासही घेणाऱ्याला हवा ना? त्या बाईला परतीच्या जीपवाल्याला पैसे द्यायचे आहेत. तो नाही म्हणाला तर ती काय करणार?

जाता जाता एक खेळ सांगतो. हातातल्या नाण्यावर साल छापलेलं असतं, त्याच्या खाली बारीक नजरेने बघा. चौकटच्या एक्क्यासारखी खूण दिसली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. बाजारातून परत येईपर्यंत चारही गोळा झाली तर तुम्ही जिंकलात!

आता मोबाइलच्या पैशांबद्दल. काही वर्षांपूर्वी इथल्या बाजारात असं काही असेल हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. पण २०१६ साली यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या, आणि बघता बघता ताडगोळ्यांच्या टोपलीला तो काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद अडकला. क्यूआर कोड! त्याला काही जादू येत नाही. तो असतो नुसता पत्ता, बँकेतल्या खात्याचा. पोस्टमनला जसा घराचा पत्ता, तसा तुमच्या बँकेला हा पत्ता. म्हणूनच पैसे पाठवण्याआधी पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचा आणि विचारा, "आजी, हे नाव तुमच्या घरातलंच ना?" खातं बहुधा मुलाचं, नाहीतर नातवाचं असतं. कधी पत्ता चुकीचा चिकटवलेला असतो, कधी कुणी मुद्दाम वर दुसरा कागद डकवून जातो. नाव वाचायला दोन सेकंद लागतात.

आणि हे तर पाठच करा: पैसे द्यायचे असतील तरच पिन टाकायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका" असं कुणी म्हटलं की फोन खाली ठेवायचा, मग तो माणूस कितीही गोड बोलो.

तरीही सांगतो, आजीकडून घेताना रोख द्या. फोनवर दिलेले पैसे नातवाच्या खात्यात जातात. त्याने संध्याकाळी आजीला दिले तर दिले. नोट मात्र थेट तिच्या कमरेच्या चंचीत जाते. त्यातून ती येतानाच मीठ, तेल, कांदे घेऊन जाते. बाजार म्हणजे तिची एकाच दिवसाची बँक.

एटीएम तलासरी आणि डहाणूला आहेत. पण पाड्यांवर गेलात, झाईच्या किनाऱ्यावर गेलात की नाहीत. कार्ड तिथे कंगव्याइतकंच उपयोगी! म्हणून पैशांची दोन घरं करा. थोडे वरच्या खिशात, खर्चाचे. बाकीचे आत, पिशवीत, न लागणारे. डहाणूजवळच्या विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस. तिथे तर हे फारच महत्त्वाचं. माणसांचा नुसता पूर लोटलेला असतो. पावसाळ्याची बेगमी म्हणून लोक मसाले, सुकी मासळी नेतात, मुलं पाळण्यात बसतात. अशा गर्दीत उघड्यावर नोटा मोजायच्या नाहीत.

झाईला मात्र जा हं. तलासरी तालुक्याला समुद्र लागतो तो इथे. त्यापलीकडे गुजरातचं उंबरगाव. होड्या लागलेल्या असतात, बांबूंवर बोंबील वाळत असतात. समुद्रात शिरण्याआधी खिशातल्या नोटा बाहेर काढा, हे सांगायला नकोच. पण भिजल्याच तर घाबरू नका. आपली नोट साध्या कागदाची नसते, कापसाच्या धाग्यांपासून केलेल्या कागदाची असते. सावलीत पसरून वाळवा. इस्त्री मात्र नको! आणि फाटली तर? फाटकी नोट कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते. किती तुकडा शिल्लक आहे त्यावर पूर्ण की अर्धे पैसे ते ठरतं. ती घडी घालून भाजीवालीच्या गळ्यात मारायची नाही. हा शहाणपणा नव्हे, चोरीच.

आता चला, त्या हद्दीकडे. तलासरीहून उधव्याच्या बाजूने पुढे गेलं की दादरा आणि नगर हवेलीचा मुलूख लागतो. आज तिथेही आपलाच रुपया चालतो आणि हद्द कुठे ओलांडली ते कळतही नाही. पण १९५४ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं! ते कसं आलं? त्यातही पैसाच आहे. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं 'संताना' नावाचं एक जहाज पकडलं होतं. त्याची भरपाई आणि मैत्रीची किंमत म्हणून १७७९ साली पेशव्यांनी तह केला आणि वर्षाला बारा हजार रुपये महसूल येईल एवढी गावं पोर्तुगीजांना देऊ केली. १७८३ साली ती प्रत्यक्ष त्यांच्या ताब्यात गेली. बारा हजार म्हणजे आज एखादा मोबाइल! पण तेव्हाचा रुपया चांदीचा होता, जवळपास तोळाभर वजनाचा. असे बारा हजार रुपये तागडीत टाकले तर सव्वाशे किलोच्या वर चांदी भरेल.

मग पुढची पावणेदोनशे वर्षं उधव्याच्या अलीकडे एक सरकार आणि पलीकडे दुसरं. अलीकडच्या नाण्यावर इंग्लंडचा राजा, पलीकडच्या नाण्यावर पोर्तुगालचं राज्यचिन्ह. आपला 'रुपया', त्यांची 'रुपिया'. आपल्या रुपयाचे सोळा आणे, त्यांच्या रुपियाचे सोळा टांगा. गंमत वाटली ना? त्याचं कारण असं, की १८८१ च्या सुमारास इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी करार करून दोन्ही नाण्यांचं वजन आणि चांदी सारखी ठेवली, ११.६६ ग्रॅम. पोर्तुगालच्या राजाचं तोंड असलेली ती नाणी पाडली कुठे? इंग्रजांच्या कोलकात्याच्या टांकसाळीत! चित्र वेगळं, चांदी तीच. म्हणून बाजारातल्या माणसाचं फारसं अडत नसे. हातावर तोलून बघितलं, दगडावर वाजवून बघितलं, की झालं.

१९५४ च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. २ ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. या लढ्यात आपले गायक-संगीतकार सुधीर फडके होते, शिवचरित्रकार बाबासाहेब पुरंदरे होते. आणि शस्त्रं घ्यायला पैसे कुठून आणले? पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला आणि त्यातून निधी उभा केला. गाण्याच्या तिकिटांतून बंदुका! पुढची सात वर्षं या चिमुकल्या मुलखाने स्वतःचा कारभार स्वतःच पाहिला. हाती आलेल्या पोर्तुगीज टपाल तिकिटांवर त्यांनी 'मुक्त प्रदेश' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापले आणि तीच वापरली. तिकिटं जमवणाऱ्यांना ती आज शोधूनही मिळत नाहीत. ऑगस्ट १९६१ मध्ये हा भाग भारतात सामील झाला.

दमण, दीव आणि गोव्यात मात्र पोर्तुगीज अजून होते आणि त्यांनी १९५९ मध्ये रुपिया बदलून 'एस्कुडो' आणला. एका रुपियाचे सहा एस्कुडो. दीव तर खरोखरच बेट आहे. तिथल्या आजीबाईंना तेव्हा केवढा ताप झाला असेल! आयुष्यभर सोळाच्या हिशोबात सुपारी घेतली, आता सहाने गुणा आणि शंभराने भागा. त्याच सुमारास आपल्याकडेही तसंच चाललं होतं. १ एप्रिल १९५७ ला आणे गेले आणि 'नये पैसे' आले. रुपयाचे चौसष्ट पैसे होते ते शंभर झाले. चार आण्यांचे पंचवीस नये पैसे, हे सोपं. पण एका आण्याचे किती? सव्वासहा! सव्वासहा पैशांचं नाणं कुठून आणायचं? मग दुकानदार सहा मानायचा, गिऱ्हाईकही सहा मानायचं, आणि तो पाव पैसा कुठे जायचा हे ज्याचं त्याला ठाऊक. एस्कुडो जेमतेम तीन वर्षं टिकला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा, दमण, दीव मुक्त झाले आणि तिथेही आपला रुपया आला.

इतका वेळ आपण नाण्यांबद्दल बोललो. पण मुलांनो, या तालुक्यात अशीही माणसं होती ज्यांच्या हातात कुठलंच नाणं पडत नव्हतं. ना राजाचं, ना राज्यचिन्हाचं.

पावसाळ्यात घरातला दाणा संपला की वारली कुटुंब सावकाराच्या दारी जायचं. तो भात उसना द्यायचा, त्याला म्हणत खावटी. आषाढात चार मण नेलं तर पीक आल्यावर सहा मण परत. याचं नाव दिढी, म्हणजे दीडपट. आता तुम्ही शाळेत व्याज शिकलात ना? मग हे करून बघा. पाच महिन्यांत शंभरावर पन्नास! आणि आज बँकेत तुमच्या खात्यावर शंभराला अख्ख्या वर्षात मिळतात अडीच-तीन रुपये. पीक आलं की दीडपट फेडण्यातच ते संपायचं, म्हणून पुढच्या आषाढात पुन्हा तेच दार. शिवाय माप सावकाराचं, वही सावकाराची आणि लिहिता-वाचता येणाराही सावकारच.

त्याहून वाईट होतं ते लग्नाचं कर्ज. लग्नासाठी थोडे रुपये उचलले की ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्या मालकाकडे राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. मजुरी रोख मिळत नसे, मग कर्ज फिटायचं कशातून? कितीतरी जणांचं आयुष्य त्यात गेलं आणि मुलांनाही तेच करावं लागलं. जंगलात, मालकाच्या शेतात फुकट काम करायचं ते निराळंच. त्याला वेठ म्हणत. इथून मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं. म्हशी गवत खायच्या, मुंबईकर दूध प्यायचे. ते गवत कापणाऱ्याला काय मिळतं हे विचारायला कुणी येत नव्हतं.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात सभा झाली. पाच हजारांच्या आसपास वारली जमले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. ठरलं काय? वेठ करायची नाही. लग्नगडी राहायचं नाही. आणि शेतावर काम केलं तर दिवसाला बारा आणे रोख घ्यायचे. सहा दिवसांचे किती झाले? बहात्तर आणे, म्हणजे साडेचार रुपये. हे गणित आपण बोटांवर करतो, पण ज्यांना आजवर पैसे मोजून मिळालेच नव्हते त्यांनी ते पाठ केलं. त्याच वर्षी गवत कापणीची वेळ आली तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी झाली. त्यासाठी कापणी थांबली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. तरी कापणी बंदच राहिली आणि शेवटी मालकांना दर वाढवावे लागले. दरवर्षी १० ऑक्टोबरला तलासरी-डहाणूत त्या हुतात्म्यांची आठवण करतात. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आई-बाबांनी ते जरूर वाचावं, आणि मोठ्या मुलांनीही. वेठबिगारी बंद करणारा कायदा सबंध देशासाठी व्हायला १९७६ उजाडलं.

हे माहीत झाल्यावर बाजारात एक प्रश्न पडतोच. भाव करायचा की नाही? मोठ्या दुकानात, हायवेच्या ढाब्याशेजारी, प्लास्टिकची खेळणी घेताना खुशाल करा. त्यात तर मजा असते. पण जी बाई पहाटे उठून रानात गेली, तिने शेवळं नाहीतर कंटोळी शोधून आणली, डोक्यावर टोपली घेऊन चालत आली आणि वाटा वीस रुपयांना लावला, तिथे "पंधराला दे" म्हणू नये असं मला वाटतं. तुमच्या बाबांना वेगळं वाटत असेल. घरी भांडा, बाजारात नको!

वारली चित्रांचंही तसंच. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. मूळ चित्रं लग्नाच्या वेळी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सुवासिनी काढायच्या. त्याचे पैसे कुणी मोजत नव्हतं. आता कागदावर, कापडावर, कपावर, किल्लीच्या साखळीवरही ती मिळतात. छापलेलं स्वस्त असतं, हाताने काढलेलं महाग. हाताने काढलेलं ओळखायचं कसं? दोन माणसं नीट बघा. त्रिकोणी पोटं अगदी तंतोतंत सारखी असतील तर छापील. एकाचा पाय जरा लांब, एकाची मान जरा तिरकी असेल, तर ती कुणीतरी बसून काढली आहेत. विकत घेताना विचारा, "हे कुणी काढलं?" काढणाराच समोर असेल तर पैसे त्याच्याच हातात द्या, आणि चित्राच्या मागे त्याची सही घ्या.

परतीच्या वाटेवर घोलवडचे चिकू घ्यायला विसरू नका. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे दुसरीकडच्या चिकूला 'घोलवडचा चिकू' म्हणून विकता येत नाही. टोपलीत वरचे मोठे आणि खालचे लिंबाएवढे नाहीत ना, ते बघा. थंडीत गेलात तर हायवेच्या कडेला मडकी उपडी घालून शिजवलेलं उंबाडियुं मिळेल. आपल्याकडे त्याला उकडहंडी म्हणतात. तेही वजनावर मिळतं, आणि तिथेही सुटेच लागतात.

एक छोटी वही बरोबर ठेवा. तीन रकाने पाडा: काय घेतलं, किती दिले, कुणाला दिले. तिसऱ्या रकान्यात 'भाजीवाली' असं न लिहिता विचारून नाव लिहा. डहाणू रोडला लोकलची वाट बघत फलाटावर बसलात की बेरीज करा आणि खिशातले उरलेले पैसे मोजून जुळतात का ते पाहा. पाच-दहा रुपयांचा फरक आला तर आधी बाबांचा खिसा तपासा.